शमुवेल मास्तरांची पहिली मंडळी

शमुवेल मास्तर कुणाच्याही घरी गेले, की आधी त्या घरातल्या लाकडाची विचारपूस करतात. पलंग, पाट, दाराची चौकट, हाती लागेल त्यावर तळहात सपाट ठेवतात, डोळे मिटतात आणि पोटातून एक लांबलचक 'ऊं' काढतात. मग डोळे उघडून निकाल देतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहाला हात लावायच्या आधी त्यांनी आमच्या लग्नातल्या पलंगावर हात ठेवून हा प्रकार केला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"सागवान हाय वो बाई," मास्तर म्हणाले. "बोलते."

मग नव्या डायनिंग टेबलावर तोच प्रयोग झाला. "हे मुकं हाय. भुशाचं." ते टेबल घरात येऊन आठवडाच झाला होता, आणि त्याचं कौतुक ऐकायलाच आम्ही मास्तरांना बोलावलं होतं.

दारव्ह्यात आमच्या ओळीतलं कोपऱ्याचं घर त्यांचं. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अंगाने काडी, शर्ट कायम पांढरा, आवाज मात्र असा खर्जातला, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस त्यांच्यामागे आणखी कुणी उभं आहे का ते बघतो. गावातल्या जुन्या, छोट्याशा चर्चमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं पेटी वाजवली. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी पेटीचं झाकण लावलं, त्यावर फुलदाणी ठेवली आणि जाहीर केलं, की आजपासून वाजवणं बंद.

"काहून जी मास्तर?" लोकांनी विचारलं.

"पहिल्या मंडळीजवळ काय होतं? पेटी होती? गळा होता!"

पहिली मंडळी म्हणजे येशूनंतरच्या दोन-तीनशे वर्षांतले सुरुवातीचे ख्रिस्ती लोक. ते कसे जमत, कसे गात, याचं वेड मास्तरांच्या डोक्यात शिरलं ते असं, की मग दुसरं काही शिरायला जागाच उरली नाही. मोबाइलवर ते सिरियातल्या, आर्मेनियातल्या, इथिओपियातल्या जुन्या मठांमधलं गाणं शोधून काढत आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवत. दाढीवाले साधू एकाच सुरावर घोटून घोटून गाताहेत, ताल नाही, तबला नाही. टपरीवाला एकदा चहा गाळता गाळता थांबला. "मास्तर, कोनी गेलं काय?"

"गेलता," मास्तर म्हणाले, "पन उठला नं बाप्पा!"

नुसतं ऐकवून त्यांचं समाधान होईना. त्या जुन्या रीतीने, पण आपल्या बोलीत, आपल्या गळ्याला सोसेल असं नवं गाणं ते बांधायला लागले. रीत त्यांनी मला एकदा बसस्टँडवरच समजावली होती. काही जणांनी खाली एकच सूर धरून ठेवायचा, हलायचं नाही. त्याला मास्तर 'जमीन' म्हणतात. त्या जमिनीवर एकाने ओळ टाकायची आणि समोरच्या बाजूने ती उचलायची. "एकानं जमीन धराची, दुसऱ्यानं पेराचं, तिसऱ्यानं काढाचं. यात कीबोर्ड कुठी बसते, सांगा बरं!"

कीबोर्ड बसला होता तो नोएलच्या मांडीवर. नोएल मोबाइलच्या दुकानात काम करणारा, चर्चमधल्या तरुण मुलांचा म्होरक्या. पेटीवर फुलदाणी आल्यावर त्याने कीबोर्ड आणला, सोबत मोठे स्पीकर आणले. चर्चमधले सगळे गाणारे त्याच्याकडे गेले. मास्तरांकडे राहिली ती फक्त पहिली मंडळी, आणि तिच्यातलं कुणी हयात नव्हतं.

मग मास्तर गायक शोधायला गावात फिरू लागले, कान उघडे ठेवून. कापसाच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारे बबनराव त्यांना सापडले. बबनरावांचा दम असा, की एका श्वासात अख्ख्या गाडीचा सौदा उरकतात. स्टँडबाहेर काळीपिवळी जीप भरणारा गुलाब राठोड सापडला. "दिग्रस दिग्रस दिग्रस" ही त्याची हाक बायपासवर ऐकू येते. गुलाब तांड्यावरचा. त्याला मास्तरांची रीत समजावून सांगावी लागली नाही. "आमच्या याडीचं, मायचं, गानं असंच असते," तो म्हणाला. "एकीनं टाकाचं, बाकीच्या बायाईनं उचलाचं. तुमी तं लय दूर फिरून आले मास्तर."

आणि मग मास्तर माझ्या खिडकीशी आले. मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे माइकवरून सांगणारी बाई म्हणजे मी.

"बाई, तुमी 'पुसद' म्हनता तवा आवाज खाली कायले सोडता?"

"मास्तर, गाडी लागलीय. लोक खोळंबलेत."

"खोळंबू द्या. पुसद वर न्या."

पिच्छा सुटावा म्हणून मी पुसद वर नेलं. फलाटावरच्या एका कंडक्टरने मान उचलून भोंग्याकडे पाहिलं.

"घेतलं तुमाले," मास्तर म्हणाले.

"कशात?"

"मंडळीत."

मी म्हटलं, अहो मास्तर, मी चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणारी बाई. मास्तरांना त्यात काही अडचणच दिसेना. "मंग जा नं! चतुर्थी काय दर रविवारीच येऊन राह्यली?"

तर अशी आमची मंडळी. संध्याकाळी माझी ड्यूटी संपली, की चर्चमध्ये तालीम. मी, माझ्या भजनी मंडळातल्या तीन मैत्रिणी, गुलाब, बबनराव आणि त्यांनी बाजारातून ओढून आणलेले चार-पाच हमाल. बाप्तिस्मा झालेले दोघंच, मास्तर आणि विमलमावशी. आणि मावशी तर गात नसत.

विमलमावशी म्हणजे मास्तरांच्या मंडळी. एके काळी या चर्चचं गाणं त्यांच्या आवाजावर चालायचं, असं जुने लोक सांगतात. पुढे ऐकू येणं कमी होत गेलं. कानाचं मशीन आणलं, ते नुसतं शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात गेलं. एका नाताळला मावशींनी भलत्याच सुरात कडवं उचललं आणि सगळे थांबले तरी त्या गातच राहिल्या. काही पोरं हसली. हसणं मावशींना ऐकू आलं नाही, पण दिसलं. तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तालमीला त्या यायच्या, दुसऱ्या बाकावर आपल्या ठरलेल्या जागी बसायच्या, मांडीवर पिशवी, पिशवीत आमच्यासाठी उकडलेल्या शेंगा. सगळ्यांकडे बघून हसायच्या आणि मध्येच मोठ्यांदा विचारायच्या, "झालं काय जी?"

तालमीचे मास्तरांचे नियम एकेक ऐकण्यासारखे. बाकांवर गादी नको. सतरंजी नको. बाकं एकमेकांना भिडलेली पाहिजेत. आणि जमीन धरणाऱ्या पुरुषांनी दुसऱ्या बाकाच्या मागे उभं राहून त्याची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरायची, छातीसुद्धा टेकवायची. "हात बाकावर, सूर पोटात!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की बबनराव ते बाजारातही म्हणायला लागले.

"पन बाक कायले धराचा मास्तर?" गुलाबने एकदा विचारलं.

"जुने साधू लाकडाच्या काठीले टेकून तासनतास गात. तुह्याजवळ काठी हाय?"

"नाई."

"मंग बाक धर."

आमची समजूत अशी, की हात गुंतले म्हणजे कुणी मोबाइल काढत नाही, म्हणून ही युक्ती. मास्तर शेवटी मास्तरच.

मार्चच्या सुरुवातीला पंचायत झाली. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला यवतमाळहून, नागपूरहून पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर कोण गाणार, यावर चर्चच्या कमिटीत चांगलीच जुंपली. नोएल पोरगा वाईट नाही. तो सरळ म्हणाला, "मास्तरांच्या गाण्यानं लोकाईले झोप येते." मास्तर म्हणाले, "तुह्या स्पीकरनं मेलेले उठतेत, पन थे काम आधीच झालेलं हाय." चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब, तरुण आणि मवाळ. त्यांनी मधला मार्ग काढला. सुरुवातीचं एक गाणं मास्तरांचं. ते उभं राहिलं, तर दर रविवारी मास्तरांना जागा. पडलं, तर इथून पुढे कीबोर्ड, आणि मास्तरांनी पहिली मंडळी घरी न्यायची.

मास्तर त्या दिवशी माझ्या खिडकीशी आले. "बाई, हे गेलं तं सगळंच गेलं," एवढंच म्हणाले. गाण्याच्या हौसेपायी माणूस इतका कासावीस का होतो, ते मला कळलं नाही. मी त्यांना चहा पाजला.

गाणं त्यांनी बांधलं ते अगदी साध्या शब्दांचं. ईस्टरच्या पहाटे ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटतात तेव्हा एक म्हणतो, "ख्रिस्त उठला आहे", दुसरा उत्तर देतो, "खरोखर उठला आहे". फार जुनी रीत. मास्तरांनी त्याचंच गाणं केलं. खाली बबनराव आणि हमालांची जमीन, वर गुलाबची हाक, आणि आम्हा बायकांचं उत्तर. तीन वेळा, दर वेळी एक पायरी वर. अडचण बबनरावांची होती. कुणीही कुठलीही गोष्ट तिसऱ्यांदा मोठ्याने म्हटली, की त्यांच्या तोंडून हर्रासाच्या सवयीने "तीन बार!" निघायचं आणि तळहात बाकावर आपटायचा. प्रत्येक तालमीत गाणं ऐन शेंड्यावर पोचायचं आणि बबनराव ते विकून टाकायचे.

"बबनराव, सौदा नाई होऊन राह्यला इथी!" मास्तर ओरडायचे.

"जिभीले वळन पडलं जी," बबनराव गयावया करायचे.

ईस्टरच्या पहाटे मी काठाची पांढरी साडी नेसून चर्चच्या आवारात शिरले, तर कडुलिंबाखाली बाकं. सगळीच्या सगळी, एकावर एक रचलेली. आत गेले तर सगळीकडे मंडप डेकोरेशनच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांना पांढरे झगे, पाठीला गुलाबी सॅटिनच्या गाठी. पाहुण्यांसाठी कमिटीने हौसेने केलेलं. मास्तर दारात उभे होते.

"बाकं कुठी हायेत?"

"मास्तर, गर्दी होणार आहे," पाळक साहेब म्हणाले. "खुर्च्या सुटसुटीत पडतात."

"मी गात नाई."

पाहुणे येऊन बसायला लागले होते. नोएल कीबोर्डमागून उठून आला. "मास्तर, खुर्चीवर बसून आयकलं तरी गानं थेच नं?"

"नाई."

"पहिल्या मंडळीत बाकं होती का, मास्तर?" पाळक साहेबांनी हसत विचारलं, आणि आजूबाजूचे दोघे-चौघेही हसले.

पहिल्या मंडळीवरच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मास्तरांच्या जिभेवर तयार असायचं. आज त्यांची नजर आत गेली. दुसऱ्या ओळीत एका झगेवाल्या खुर्चीवर विमलमावशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन, सगळ्यांकडे बघून हसत.

"अरे, दोन बाकं आनाले काय लागते!" गुलाबने शर्टच्या बाह्या सरसावल्या. "बबनराव, बोलवा तुमची मानसं."

आणि मग पुनरुत्थानाच्या पहाटे दारव्ह्याच्या चर्चमध्ये ती वरात निघाली. सागवानी बाकं म्हणजे काही खेळणी नव्हेत. पुढे हमाल, मागे बबनराव "सरका, सरका, माल येऊन राह्यला" असं पुकारत, गुलाबच्या नव्या पांढऱ्या शर्टावर कडुलिंबावरच्या बगळ्यांचा प्रसाद. नागपूरचे पाहुणे पाय वर घेऊन बसले. दुसऱ्या बाकाचं एक टोक जड जात होतं, ते नोएलने येऊन उचललं. मावशींना उठवून त्यांच्या जागी बाक ठेवलं, त्यांना पुन्हा बसवलं. नेहमी आम्ही बायका समोर उभ्या राहायचो, पण आता तिथे खुर्च्या दाटल्या होत्या. मास्तरांनी मला मावशींशेजारी ढकललं. "तुमी इथी बसा बाई. बसूनच गा."

मागे पुरुष उभे राहिले. हात बाकावर; तालमीत लाजून अंतर राखणाऱ्या हमालांचीसुद्धा आज छाती टेकलेली. मास्तरांनी बोट खाली दाखवलं आणि जमीन सुरू झाली.

दळण चालू असताना गिरणीच्या ओट्यावर बसलं तर कसं वाटतं, तसं मला वाटलं. तो सूर मी रोज ऐकत होते, पण आज तो माझ्या पाठीतून येत होता. अख्खं बाक गुणगुणत होतं. पाठीत, मांड्यांत, बाकावर टेकवलेल्या हाताच्या बोटांत. मी दचकून शेजारी पाहिलं.

मावशींनी पिशवी खाली ठेवली होती. एक तळहात बाकावर सपाट टेकवला होता, पाठ मागे घट्ट लावली होती, डोळे मिटले होते. त्यांचं ते सदाचं हसू चेहऱ्यावर नव्हतं. त्या ऐकत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचा पलंग, भुशाचं टेबल, गाद्या काढून टाकणं, भिडवलेली बाकं, ते जुने साधू आणि त्यांच्या काठ्या. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि त्याच वेळी गायचंही होतं.

गुलाबने हाक टाकली, दिग्रसच्या गाडीला टाकतो तशी, आभाळाला. ख्रिस्त उठला आहे! आम्ही उचललं, खरोखर उठला आहे. दुसरी हाक, एक पायरी वर. आम्ही उचललं. तिसऱ्या हाकेला माझ्या शेजारून एक आवाज उठला. म्हातारा आवाज, कडेला जरा चिरलेला, पण सुराच्या मधोमध बसलेला. विमलमावशी गात होत्या. डोळे मिटून, तोंड पूर्ण उघडून, एके काळी या छताखाली गायच्या तशा. मास्तरांचा हात हवेत राहिला तो खाली येईना. गुलाब गाणं विसरून बघत राहिला. बबनरावांनी मात्र जमीन सोडली नाही. उलट त्यांनी आणि हमालांनी ती अशी दाबून धरली, की खिडक्यांची तावदानं थरथरली. मावशींनी ती ओळ पुन्हा घेतली. मग पुन्हा. या वेळी चर्चमधली जुनी माणसं उठून उभी राहिली आणि उत्तर द्यायला लागली. पाहुणे उभे राहिले. कीबोर्डमागे नोएलसुद्धा उभा होता आणि गळा ताणून गात होता.

शेवटची ओळ शेंड्यावर पोचली, क्षणभर सगळं थांबलं, आणि त्या शांततेत बबनरावांचा तळहात बाकावर आपटला.

"तीन बार!"

"खरोखर उठला आहे!" अख्खं चर्च गरजलं. पाळक साहेब हसता हसता डोळे पुसत होते. त्यांनी उपदेशाचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, आता मी काय बोलू!

मावशी माझ्याकडे वळल्या आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मले पाठीमांगून कोनी तरी सूर देऊन राह्यलं होतं वो! लय दिवसानं सूर भेटला."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. चष्मा पुसत होते म्हणे.

खुर्च्या त्याच दिवशी परत गेल्या. बाकं जागेवर आली. नोएल आता आठवड्यातून दोनदा मास्तरांकडे जमीन धरायला शिकतो. कीबोर्ड आहेच, तो जागा राखून असतो. नागपूरच्या पाहुण्यांनी आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये गायला बोलावलं तेव्हा मास्तरांनी फोनवर एकच चौकशी केली, "बाकं कायची हायेत?" लोखंडी आहेत असं कळल्यावर आम्ही आमचं बाक गुलाबच्या जीपच्या टपावर बांधून नेलं. स्टँडसमोरून जाताना कंडक्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागपुरात मावशींनी असं काही गायलं, की तिथल्या बायका त्यांना निघूच देईनात.

परवा मावशींचा शेंगांचा डबा परत करायला त्यांच्याकडे गेले. मास्तर ओसरीवर होते. मी ठरवूनच विचारलं, "मास्तर, खरं सांगा. दोन वर्षं आम्हाला पहिल्या मंडळीच्या नावाखाली बनवलं ना? सरळ सांगितलं असतं मावशीसाठी आहे, तर आम्ही नाही म्हटलं असतं का?"

"तिले समजलं असतं नं मंग," मास्तर म्हणाले. "कोनी आपली कीव करून राह्यलं, असं वाटलं असतं तिले. तिनं तोंडच उघडलं नसतं." मग म्हणाले, "अन् बनवलं नाई जी. पहिली मंडळी म्हंजे काय असते बाई? दोघं जमले, की झाली मंडळी."

मी मावशींना हाक मारली. आतून उत्तर नाही. दारातून दिसत होतं, घरातल्या लांब सागवानी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला त्या मान खाली घालून तुरीची डाळ निवडत होत्या.

"तशी नाई आयकत ती," मास्तर म्हणाले. "माहा आवाज बी नाई पोचत आता."

ते आत गेले, टेबलाच्या अलीकडच्या टोकाशी बसले, छाती कडेला टेकवली आणि खर्जातला तो एक सूर लावला. मावशींचा डाळीतला हात थांबला. टेबलावर तळहात टेकवून त्यांनी क्षणभर वाट पाहिली, आणि मग हसत मान वर केली.

"काय म्हनता जी?" त्या म्हणाल्या. "आयकून राह्यली मी."